तिच्या चेहऱ्यावरचा उजेड

गुरुवार, ७ मार्च

ती. ताईस,
प्रभूमध्ये सा. न. वि. वि.

पत्र उघडल्यावर तू आधी अक्षर बघशील आणि म्हणशील, घुम्याचं काहीतरी बिनसलंय. मी बरा आहे. बातमी तुझ्या वहिनीची आहे. रविवारी सभेत बसल्या बसल्या हिला झटका आला. उजवी बाजू गेली. हात, पाय आणि अर्धं तोंड. जीव वाचला. बोलायला जाते तेव्हा नुसती घरघर ऐकू येते, पण माणसं ओळखते, मान हलवून हो-नाही सांगते. फोन केला नाही म्हणून रागावू नकोस. फोनवर माझ्या तोंडून शब्द फुटत नाही हे तुला ठाऊक आहे, आणि तुझा पाय प्लास्टरमध्ये. ऐकून तळमळत पडण्याखेरीज तू तरी काय करणार होतीस?

हॉस्पिटलातल्या तरुण डॉक्टरीणबाईंना आपली सभा समजावून सांगता सांगता माझी पुरेवाट झाली. पाळक नाही, वेदी नाही, गाणी नाहीत, मग तुम्ही ख्रिस्ती लोक तिथे करता तरी काय, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, तासभर गप्प बसतो. ख्रिस्ताचा उजेड प्रत्येकाच्या आत आहे, तो कधीतरी बोलेल म्हणून वाट पाहतो. ज्याला आतून सांगणं होईल तो उभा राहून चार शब्द बोलतो, नाहीतर कोणीच बोलत नाही. बसलेल्याला हाक मारायची नाही, हात लावायचा नाही. शेवटी समोरच्या बाकावरचा वडीलधारा शेजाऱ्याचा हात हातात घेतो आणि सभा सुटते. तो वडीलधारा कोण, असं त्यांनी विचारलं. मी, म्हटलं. त्यांनी कागदावर काहीतरी टिपून घेतलं.

ताई, तू सभा सोडलीस त्याला वीस वर्षं झाली, तुला कदाचित हसू येईल. पण त्या दिवशी ही खिडकीजवळ बसली होती आणि हिच्या चेहऱ्यावर मी जो उजेड पाहिला तसा आजवर कोणाच्याच चेहऱ्यावर पाहिला नव्हता. त्या भरात सभा सोडायला थोडा उशीर झाला. तू अर्धांगाच्या वॉर्डात नर्स म्हणून तेहतीस वर्षं काढलीस. मला एवढंच सांग, त्या उशिरामुळे काही बिघडलं का? दुसऱ्या कोणाला विचारायची हिंमत होत नाही.

पुस्तकबांधणीचं दुकान बंद आहे. शाळेच्या हजेरीपुस्तकांच्या दुमडलेल्या पानांचे फर्मे ही शिवत होती, ते अर्धवट पडलेत, सुई दोऱ्यासकट अडकून राहिली आहे. त्या टेबलाकडे मला बघवत नाही.

पायाची काळजी घे, आणि माझ्यावरचा जीव आहे तसाच राहू दे.

तुझा,
घुम्या


सोमवार, ११ मार्च

चि. घुम्यास,
अ. उ. आ.

पत्र वाचलं आणि प्लास्टर घातलेला पाय विसरून उठायला गेले. पडता पडता वाचले, नाहीतर आपल्या घरात दोन खाटा झाल्या असत्या.

तुझं 'थोडं' मी लहानपणापासून ओळखून आहे. 'थोडी' साखर खाल्ली म्हणत डबा रिकामा करणारा तूच. तेव्हा मला नीट वेळा कळव. तिच्यात पहिला बदल तुला किती वाजता दिसला, सभा किती वाजता सुटली, हॉस्पिटलात किती वाजता पोचलात. आमच्याकडे असा पेशंट आला की नाव नंतर विचारतात, आधी वेळ. तोंड वाकडं झालं त्या मिनिटापासून मेंदू मरत जातो आणि हातात मोजका वेळ असतो. म्हणून विचारते. लपवू नकोस.

आता कामाचं. दर दोन तासांनी तिची कूस बदल. उचलताना उजव्या हाताला धरून अजिबात ओढू नकोस, खांदा निखळतो. पाठीखाली हात घालून वळव. पाणी बसवूनच पाज, चमच्याने, घाई न करता. तिच्याशी लहान बाळाशी बोलतात तसं बोलू नकोस, तिला शरम वाटेल. आणि एक पाटी आणून दे. शब्दच सापडत नाहीत, की शब्द आहेत पण जीभ वळत नाही, हे पाटीवर कळेल. डाव्या हाताने वाकडंतिकडं लिहिता आलं तर मोठी गोष्ट आहे.

तू जेवतोस का? घुम्या माणसाला उपास फार लवकर जमतो म्हणून विचारते.

वहिनीला माझ्या वतीने कपाळावर हात फिरव. तुम्हा दोघांची,

ताई


शनिवार, १६ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तू विचारलंस तसं लिहितो. माझ्या बाकासमोर दारावरचं घड्याळ आहे, त्यामुळे वेळा चुकायचा प्रश्न नाही.

दहाला बसलो. दहा वाजून वीस मिनिटांनी हिचा उजवा हात मांडीवरून घसरून खाली लोंबायला लागला. थोड्या वेळाने ओठाचा कोपरा उतरला. उजव्या डोळ्यातून पाणी वाहू लागलं आणि तिने ते पुसलं नाही. खिडकीतून ऊन तिच्यावर पडलं होतं. मला वाटलं, हिने स्वतःला पूर्ण सोडून दिलं आहे. तीस वर्षं ज्याची वाट पाहिली ते माझ्या घरच्या माणसावर उतरलं आहे, आणि मी ते डोळ्यांनी पाहतो आहे. अकरा वाजले. सगळे माझ्या हाताकडे बघायला लागले. मी हात पुढे केला नाही. बारा वाजता केला. तेव्हाही ही उठली नाही, तर मी लोकांना खूण केली की पाय न वाजवता बाहेर जा, हिला बसू द्या. शेवटी शिंपीमामी तिच्याजवळून जाताना थबकल्या. बाकाखाली जमीन ओली झाली होती.

हॉस्पिटलात पोचायला एक वाजला. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन दिलं, फारसा उपयोग झाला नाही. कधी सुरू झालं असं डॉक्टरीणबाईंनी विचारलं, तर सगळे डोळे मिटून बसलो होतो, एवढंच मी म्हटलं. माझे उघडे होते हे फक्त तुला सांगतो आहे.

हिला आता घरी आणलंय. पाटी दिली. डाव्या हाताने लिहिते, अक्षर पहिलीतल्या पोरासारखं, पण शब्द सगळे जाग्यावर आहेत. पहिल्यांदा 'पाणी' लिहिलं, मग 'खिडकी लाव'.

ताई, रात्र रात्र डोळ्याला डोळा लागत नाही. ते दोन तास काही वेगळं घडवू शकले असते का? आणि तो उजेडच होता ना? तू हो म्हणालीस तर मी पुढे जगू शकेन, एवढंच मला कळतं.

उत्तर लवकर धाड. तुझाच,

घुम्या


बुधवार, २० मार्च

चि. घुम्यास,
अ. उ. आ.

तेहतीस वर्षांच्या अनुभवावरून सांगते, झटका मोठा होता. साडेदहाला आणली असती तरी हेच झालं असतं. दोन तासांनी काडीचा फरक पडलेला नाही. हा विचार डोक्यातून काढून टाक.

त्या उजेडाचं मला विचारू नकोस, ते माझं खातं नाही.

उद्यापासून दुकान उघड. तिची खाट दुकानाच्या दाराशी आण म्हणजे येणारं-जाणारं तिला दिसेल. आणि झोप काढ. तुला काही झालं तर तिला वळवायला कोणी नाही.

माझी माया तुला ठाऊक आहे, वेगळी काय लिहू.

ताई


बुधवार, २४ एप्रिल

ती. ताईस,
प्रभूमध्ये सा. न. वि. वि.

महिनाभर पत्र नाही म्हणून कान उपटशील, पण आधी ऐकून घे. तुझ्या चार ओळींनी मला मढ्यासारखा पडलेला उठवला. ते पत्र मी सभेत वाचून दाखवलं. त्या रविवारी आयुष्यात पहिल्यांदा मी उभा राहून बोललो, चक्क पाव तास. तुझ्या घुम्याने! हिच्या चेहऱ्यावर काय पाहिलं ते सगळं सांगितलं. लोक रडले.

आता दर रविवारी सभा सुटल्यावर पाच-सहा जण घरी येतात आणि हिच्या खाटेभोवती गप्प बसतात. कोणी आजारी नातवाला आणतं, कोणी नुसता हिचा निर्जीव हात हातात धरून बसतं. हिने एकदा पाटीवर लिहिलं, 'उजेड नव्हता.' मी ते सभेत सांगितलं तेव्हा सगळे थक्क झाले. इतकं मिळूनही माणूस नाकारतं, याहून नम्रपणा तो कोणता? आम्ही या सगळ्याची एक छोटी पुस्तिका करतो आहोत, दोनशे प्रती. पहिल्या पानावर तुझं पत्र आहे, कारण वॉर्डातल्या माणसाची साक्ष वेगळीच वजनाची. शिवण माझी, पुठ्ठा निळा. फर्मे शिवायला ही नाही म्हणून वेळ लागतो आहे, पण पुढच्या महिन्यात होईल.

सभाही आता तासात आटपत नाही. दीड तास, कधी दोन. गंमत सांगतो. गेल्या रविवारी शिंपीमामा बसल्या जागी कलंडले. मान छातीवर, तोंड उघडं. पाऊण तास कोणी हलवलं नाही, सगळे आदराने बघत राहिले. हात मिळवल्यावर कळलं की त्यांना डुलकी लागली होती! मामींनी घरी नेऊन चांगली खरडपट्टी काढली म्हणतात.

तू परत ये ताई. तुझी जागा खिडकीजवळ आहे, हिच्या शेजारची. मायेने वाट पाहणारा,

घुम्या


गुरुवार, ९ मे

ती. वन्संना,
सा. न. वि. वि.

हे पत्र चार दिवस लिहिते आहे. व्यायाम शिकवायला बाई येतात, त्या पेटीत टाकतील. यांना माहीत नाही. अक्षराला हसा, पण पुरतं वाचा.

मला सगळं कळत होतं. हात गेला तेव्हा कळलं, तोंड गेलं तेव्हा कळलं. ओरडायला गेले, आवाज निघाला नाही. डावा पाय हलत होता. तो मी जमिनीवर तीनदा घासला. यांनी माझ्याकडे पाहिलं आणि हसले. वन्सं, इतक्या मायेने लग्न झाल्यापासून हसले नव्हते. मग तसेच बघत राहिले. मी लघवी थांबवू शकले नाही. ती ऊब पायावरून खाली गेली तेव्हा मला मरण यावं असं वाटलं. समोर चाळीस माणसं होती.

प्रभूला हाका मारल्या. काही उत्तर आलं नाही. उजेड वगैरे नव्हता, खिडकीतलं ऊन डोळ्यांत जात होतं आणि मला मान वळवता येत नव्हती. एवढंच होतं. यांना मी लिहून दाखवलं तर त्याचाही यांनी नम्रपणा केला. आता लोक येऊन माझा मेलेला हात धरून बसतात. माझ्या अंगावर काटा येतो. हाकलून देता येत नाही.

तुमचं पत्र यांनी मला रोज वाचून दाखवलं. फरक पडला नसता, हे खरं आहे का? तुम्ही वॉर्डात असता. खरं असेल तर मी गप्प बसेन. खोटं असेल तर तुम्ही दोघं बहीण-भाऊ मिळून मला त्या बाकावरच बसवून ठेवलं आहे. आणि एक दिवस शिंपीमामा खरंच जातील, तेव्हाही सगळे आदराने बघत राहतील.

पाय कसा आहे? प्लास्टर ओलं होऊ देऊ नका. हात दमला.

तुमची भावजय


सोमवार, १३ मे

चि. घुम्यास,
आशीर्वाद आहेतच. आज मात्र वरचे सोपस्कार नकोत.

मी खोटं लिहिलं होतं. दोन तासांनी फरक पडला. फार पडला. पहिल्या तासात ते इंजेक्शन मिळालं असतं तर आज ती कदाचित हातात सुई धरून बसली असती. याची खात्री कोणी देत नाही, पण ते 'कदाचित' तिचं होतं. ते तुझ्या दोन तासांत गेलं आणि त्यावर मी चार ओळींचं पांघरूण घातलं. नातेवाइकांना हेच सांगायची मला तेहतीस वर्षांची सवय आहे. गोळी द्यावी तसं तोंडातून निघून जातं. तू रडलेला मला बघवत नाही, आणि त्यापायी मी तिचा विचार केला नाही. त्याबद्दल तिची माफी मी स्वतः येऊन मागणार आहे.

तिने मला पत्र लिहिलं आहे. ती त्या दोन तासांत जागी होती. तुला हाक मारत होती. जमिनीवर पाय घासत होती. तू हसलास. तिने 'उजेड नव्हता' लिहिलं तो नम्रपणा नव्हता रे गाढवा, ती तक्रार होती. यावरून तिच्यावर आवाज चढवलास तर प्लास्टरसकट येऊन तुझी हाडं सैल करीन.

मी सभा सोडली ती उजेडावरचा विश्वास उडाला म्हणून नाही. वॉर्डात मरायला टेकलेला माणूस शेजारच्या खाटेवरच्याला आधी पाणी द्या म्हणून खुणावतो, तेव्हा मी तो पाहिला आहे. बाकावर बसून त्याची वाट पाहायचा मला कंटाळा आला, इतकंच. आणि आईने आपल्याला काय शिकवलं होतं ते तू विसरलास. ती म्हणायची, ख्रिस्त आत उजेड करतो तेव्हा पहिल्यांदा आपली स्वतःची घाण दिसते आणि मग दुसऱ्याचं दुखणं दिसतं. स्वतःचं भाग्य दिसायला लागलं तर तो दिवा आपणच लावलेला असतो.

पहिलं पत्र जसं सभेत वाचलंस तसं हेही वाच, एक अक्षर न गाळता. पुस्तिका बंद कर. घरी येणारी माणसं बंद कर. आणि सभेत कोणी कलंडलं, कोणाचं तोंड वाकडं दिसलं, तर त्याला हात लावायचा, हाक मारायची. प्रभूला राग येत असेल तर माझ्या नावावर घाल.

प्लास्टर महिनाअखेर निघेल. मग येते. रागावले असले तरी तुझीच,

ताई


बुधवार, १२ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

१९ मेला तुझं पत्र सभेत वाचलं. एक ओळ गाळली नाही, गाढवसुद्धा वाचलं. वाचून झाल्यावर सगळे गप्प बसले, कारण आम्हाला दुसरं काही येत नाही. मग शिंपीमामी उठल्या आणि त्यांनी सगळ्यांदेखत मामांचा खांदा हलवून पाहिला. आता दर पाव तासाला कोणीतरी उठून प्रत्येकाच्या खांद्याला हात लावून जातं. पहिल्या रविवारी निम्मी माणसं दचकून ओरडली म्हणे. मी नव्हतो. समोरचा बाक मी सोडला. पुस्तिकेच्या प्रती कटिंग मशीनखाली घातल्या. निळा पुठ्ठा जाड निघाला, पात्याला धार लावावी लागली. घरी आता कोणी येत नाही.

डॉक्टरीणबाईंना जाऊन खऱ्या वेळा सांगितल्या. त्यांनी जुना कागद काढला, वेळ दुरुस्त केली आणि मला बाहेर बसायला सांगितलं. पुन्हा आत बोलावलं नाही.

एक गोष्ट तुझ्या पत्रात नाही, कारण ती तुला माहीत नाही. हिलाही नव्हती. दहा वाजून वीस मिनिटांनी हिचा हात घसरला तेव्हा माझ्या आत कोणीतरी म्हणालं, ऊठ. इतकं स्पष्ट की मी शेजाऱ्याकडे पाहिलं, त्यालाही ऐकू गेलं की काय. काही आकाशवाणी नव्हती, दूध उतू जाताना बायकामाणसं म्हणतात तसं साधं, घाईचं. मी अर्धवट उठलोही. मग मला वाटलं, हा माझाच चंचलपणा आहे. वडीलधारा मधेच उठला तर सभा मोडेल, लोक काय म्हणतील. मी त्या आवाजाला म्हटलं, गप्प बस. तो गप्प बसला. मग मी मान वर केली आणि तिच्या चेहऱ्यावर उजेड पाहिला.

तुझं पत्र सभेत वाचलं त्याच दिवशी हे तिला सांगितलं. तिने ऐकून घेतलं. पाटी उशाशीच होती, ती तिने उचलली नाही. डाव्या हाताने खूण केली, मला भिंतीकडे वळव. मी वळवलं, तू सांगितलंस तसं, पाठीखाली हात घालून. त्यानंतर तिने माझ्यासाठी पाटीवर काही लिहिलेलं नाही. पाणी हवं असलं की चमचा वाजवते.

आता रविवारी दहा वाजता मी तिच्या खाटेशी स्टुलावर बसतो. तीस वर्षं त्याची वाट पाहिली, ताई. तो आला, बोलला, एकच शब्द बोलला, आणि मी त्याला गप्प केलं. तीन रविवार झाले, कान लावून बसतो आहे. आत काही नाही.

तू लवकर ये. तिला कोणाशीतरी बोलायचं आहे आणि तो मी नाही. लोभ ठेवण्याजोगं माझ्यात काही उरलं असेल तर ठेव.

घुम्या